‘आन त्या पोरी काय म्हनत्यात?’ : ‘स्मृतिचित्रे’ एका वेगळ्या बाजूनं वाचताना

‘स्मृतिचित्रे’चं नाव काढलं की माणसं आधी हसतात. मग सांगायला लागतात, काय धमाल पुस्तक आहे, तो टिळकांचा विसरभोळेपणा, ते न सांगता घरातून निघून जाणं, आणि लक्ष्मीबाईंची ती जीभ! माझीही पुस्तकाशी पहिली ओळख अशीच झाली. अकरावीत मराठीच्या मॅडमनी एक प्रसंग वाचून दाखवला, वर्ग खो खो हसला, तास संपला. पुढची पाच-सहा वर्षं लक्ष्मीबाई टिळक म्हणजे एका वेंधळ्या कवीची विनोदी बायको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसरी ओळख चर्चमध्ये झाली. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे लक्ष्मीबाई विनोदी नसतात, थोर असतात. संडे स्कूलच्या निबंधस्पर्धेत त्यांच्या श्रद्धेवर लिहायचं असतं, आणि निबंध कसा लिहायचा हेही ठरलेलं असतं: आधी अंधार, मग प्रकाश, मग सेवा. मला त्या निबंधाला तिसरा नंबर मिळाला होता. पुस्तक मी उघडलंही नव्हतं.

आता पूर्ण वाचून झाल्यावर वाटतं की ही दोन्ही वाचनं पुस्तकाला नीट हात न लावता केलेली आहेत. हसणारे त्यातला विश्वास बाजूला ठेवतात, कारण तो अडचणीचा वाटतो. भारावलेले त्यातली भांडणं बाजूला ठेवतात, कारण तीही अडचणीचीच. माझ्या मते या पुस्तकातला विश्वास बघायचा असेल तर त्यातली चूल आणि त्यातली भांडणं बघावी लागतात. तो दुसरीकडे फारसा सापडत नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मनकर्णिका गोखले, जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न, वय अकराच्या आसपास. टिळक कवी, विद्वान, आणि कुठंच फार दिवस न टिकणारे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला ते कळलं दुसऱ्यांकडून. त्यानंतरची चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. मग लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, आणि १९०० साली राहुरीला त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ साली गेले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं पुस्तकरूपात आलं, आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाईही गेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईचं हे लिखाण आहे. त्यात सनावळीची फिकीर नाही, उपदेश नाही, आणि वाक्यं अशी की कुणीतरी तांदूळ निवडता निवडता बोलत असावं.

आता पुस्तकाच्या सुरुवातीकडे बघू, कारण तिथं जे आहे त्याकडे सहसा कुणी ‘धर्म’ म्हणून बघत नाही. सुरुवातीला लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. सासऱ्यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्यानंतर या माणसाला सोवळ्यानं पछाडलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू बाटलेली. वाणसामान आलं तरी ते धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. आई आणि पोरं त्या पाण्याखाली जगत असतात. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसवत हसवत, पण हसून झाल्यावर लक्षात येतं की हे घर भीतीनं चाललंय. बाहेरचा हात लागू नये, ही एकच काळजी.

आणि पुस्तकाचा नंतरचा मोठा भाग अशा घरात घडतो जिथं कोण येईल, किती दिवस राहील आणि किती जेवेल याचा काही भरवसा नाही. दुष्काळातली अनाथ पोरं, विद्यार्थी, कवी, भांडून आलेले, वाट चुकलेले, टिळकांना रस्त्यात भेटलेले. सगळे त्याच एका स्वयंपाकघरात. धुवून घेण्याच्या घरापासून वाढून देण्याच्या घरापर्यंत असा हा प्रवास आहे. लक्ष्मीबाई तो कुठंही असा मांडून दाखवत नाहीत. त्यांना बहुधा तो मांडण्यासारखा वाटलाच नसावा. पण पुस्तकाची रचना मला तरी तिथंच दिसते.

मधला टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. टिळकांकडे परत आल्यावर लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती होत नाहीत. आपली चूल वेगळी, आपलं पाणी वेगळं, सोवळं सांभाळून त्या नवऱ्याच्या आसपास राहतात. टिळक जबरदस्ती करत नाहीत. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न येतो, की या जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर त्यांचं त्यांना सापडतं, आणि त्या ठरवतात की इथून पुढं कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. बाप्तिस्मा यानंतरचा.

हा क्रम लक्षात घ्या. आधी हातचं पाणी, मग धर्म. आमच्या संडे स्कूलच्या निबंधात हा क्रम नेहमी उलटा असायचा: आधी ख्रिस्त भेटला, म्हणून जात गेली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जात गेली, आणि जागा झाली. एखाद्या ईश्वरशास्त्राच्या प्राध्यापकाला हे सांगायला दोन तास लागतील. बाई ते एका पाण्याच्या भांड्यात सांगून पुढं जातात.

ख्रिस्ती लेखनात ‘साक्ष’ नावाचा एक प्रकार आहे. आमच्याकडे अजूनही उपासनेत कुणीतरी उभं राहून साक्ष देतं. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. मराठीतल्या ख्रिस्ती आत्मचरित्रांवर या प्रकाराचा मोठा ठसा आहे. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नावच ‘अरुणोदय’. म्हणजे शीर्षकातच रात्र संपलेली. साक्षीची ताकद मी नाकारत नाही, पण तिची एक अट असते: बाप्तिस्म्यानंतर माणूस बदललेला दिसला पाहिजे.

‘स्मृतिचित्रे’त ही अट सरळ मोडली आहे. बाप्तिस्म्यानंतरचे टिळक तसेच आहेत. तेवढेच तापट, तेवढेच हळवे, तेवढेच बेभरवशाचे. पैसा आधीही हातात टिकत नव्हता, नंतरही टिकत नाही. लक्ष्मीबाईही तशाच, बोलून मोकळ्या होणाऱ्या. भांडणं चालू. बदललंय ते एवढंच, की घराचा दरवाजा आता कुणासाठी उघडतो. विश्वासानं स्वभाव बदलतो असा दावा हे पुस्तक करत नाही. आहे त्या स्वभावानिशी, आहे त्या चिडचिडीसकट, समोर आलेल्याला जेवायला वाढता येतं, एवढंच ते दाखवतं. मला हा दावा जास्त खरा वाटतो. माझ्या ओळखीतली सगळ्यात प्रेमळ माणसं बऱ्यापैकी चिडकी आहेत.

म्हणून लक्ष्मीबाईंचा विनोद मला शोभेचा वाटत नाही. तो काम करतो. नवऱ्याला त्या सगळीकडे ‘टिळक’ म्हणतात, त्यांच्या पिढीतल्या बाईनं नवऱ्याचं नाव घेणंही अवघड असताना. हे आडनाव वापरल्यामुळे नवरा एक पात्र होतो, थोडा लांब जातो, आणि मग त्याच्याकडे नीट बघता येतं. संताला हसता येत नाही. टिळकांना हसता येतं, म्हणून ते संत होत नाहीत, आणि लक्ष्मीबाई संताची सहधर्मिणी होण्यापासून वाचतात. सेवेवरची बहुतेक पुस्तकं मला वाचवत नाहीत ती याच कारणानं. त्यातले लोक कधी कंटाळत नाहीत. आजारी माणसाचं अंथरूण बदलताना कुणाला कधी वास येत नाही.

पण इथंच पुस्तकाशी माझं भांडण सुरू होतं. खरं तर पुस्तकाशी नाही, पुस्तक ज्या पद्धतीनं गोड करून सांगितलं जातं त्याच्याशी.

टिळकांचं शेजाऱ्यावरचं प्रेम मोठं होतं यात शंका नाही. दारात आलेल्याला ते परत पाठवत नसत. पगार घरी पोहोचायच्या आत कुणाच्या तरी गरजेला लागलेला असे. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं म्हणणारा हा माणूस. चर्चमध्ये भजन-कीर्तन आणणारा. त्यांची भजनं आम्ही अजून गातो, आणि ती गाताना मला अजून भरून येतं. हे सगळं खरं.

पण घरी पाहुणा आणायचा निर्णय एकाचा आणि भाकरी थापायचं काम दुसरीचं. हे पुस्तक वाचताना एक हिशेब सतत मागं चालू असतो. आज घरात काय आहे, किती जण आहेत, उद्याचं काय. टिळक देतात तेव्हा ते त्यांच्या खिशातून जात नाही, कारण खिसा रिकामाच असतो. ते लक्ष्मीबाईंच्या डब्यातून जातं. पराती घासून त्यांच्या मनगटातून जातं. टिळकांच्या औदार्याच्या गोष्टी आम्ही व्याख्यानांत ऐकतो, आणि त्या औदार्याखाली जी बाई उभी आहे तिच्या तक्रारीला ‘मिश्किल’ म्हणतो. मिश्किल कसली? ती बाई सरळ सांगतेय की घरात काही नव्हतं.

लक्ष्मीबाईंच्या चातुर्याची गंमत अशी की त्या हे नवऱ्याविरुद्धची फिर्याद म्हणून लिहीत नाहीत. त्यांचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि तो जे करतोय ते बरोबर आहे हेही त्यांना पटलेलं आहे. पटलेलं असूनही त्या दमतात. ‘हे योग्य आहे’ आणि ‘मी थकले’ ही दोन वाक्यं एकाच बाईच्या तोंडी, एकाच पानावर नांदू शकतात, हे मराठीत इतक्या सहजपणे फार कमी ठिकाणी दिसतं. इंग्रजीत हे पुस्तक गेलं तेव्हा इंकस्टर बाईंनी १९५० साली त्याला ‘आय फॉलो आफ्टर’ नाव दिलं, म्हणजे मागून चालणारी. २०१७ साली शांता गोखल्यांच्या अनुवादाच्या उपशीर्षकात ती ‘स्पिरिटेड वाइफ’ झाली, तडफदार बायको. मागून चालणारी ते तडफदार, हा पल्ला चांगलाच आहे. पण बायको हा शब्द सुटत नाही. मला कधीकधी वाटतं, या पुस्तकाच्या नायिकेचं खरं नातं नवऱ्याशी जेवढं आहे तेवढंच त्या घरात येऊन जेवणाऱ्यांशी आहे, आणि ते नातं आपण वाचतच नाही.

त्या नात्याचा सगळ्यात जिवंत नमुना म्हणजे ठोंबरे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराची कविता गाजली, आणि नंतर तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. पुस्तकात बालकवी भेटतात ते निसर्गकवी म्हणून नाही. भेटतो तो एक हट्टी, हळवा, सारखा रुसणारा मुलगा. त्याला समजावणं, त्याच्याशी भांडणं, त्याच्या खाण्यापिण्याकडे बघणं, यात लक्ष्मीबाईंची पानंच्या पानं जातात. या मुलानं धर्म बदलला नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या त्याच्यावरच्या मायेत त्यामुळे काडीचा फरक पडला नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला. धर्मांतराच्या नावानं आज जो गदारोळ चालतो, त्यात दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकदा हे ठोंबऱ्यांवरचं लिखाण वाचावं. कुणाला काही बनवायचंच नाही, फक्त सांभाळायचं आहे, अशी सेवा तिथं दिसते. तिला कसलं रजिस्टर नसतं.

सेवेचा दुसरा, मोठ्या आकाराचा नमुना त्याच काळात जवळच होता. पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. रमाबाई सगळ्याच बाबतींत भव्य. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं केलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं अशा मराठीत. ‘मुक्ती’तल्या बायका-मुलींनी खिळे जुळवून ते तिथल्याच छापखान्यात छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. भाषांतराला सेवा म्हणतात ते सहसा तोंडदेखलं असतं, इथं ते शब्दशः होतं. ज्यांनी वाचायचं त्यांनीच ते छापलं.

रमाबाईंपुढं मला भीतियुक्त आदर वाटतो. लक्ष्मीबाईंच्या घरी मात्र मी जाऊन बसू शकते. एक संस्था आहे, एक घर आहे. दोन्ही लागतात. पण संस्थेचा इतिहास लिहिला जातो, अहवाल निघतात, देणगीदारांना पत्रं जातात. घरातल्या सेवेचा अहवाल नसतो. ‘स्मृतिचित्रे’ नसतं तर राहुरी-नगरच्या त्या चुलीचं काय उरलं असतं? टिळकांच्या चरित्रातलं एखादं वाक्य.

आणि आता आजीबद्दल सांगते, कारण तिच्यामुळे हे सगळं मला वेगळं दिसायला लागलं.

लॉकडाऊनमध्ये मी गावी होते. आजीची नजर गेलेली, करमत नव्हतं. बायबलचा अध्याय वाचून झाला की मी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायचे. आजीनं आयुष्यभर मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाक केला. रोजच्या पन्नास-साठ जणींच्या भाकरी. ती सोवळ्याच्या गोष्टीला हसली नाही. ‘आपल्याला न्हाई का लांबून पानी वाढायचे,’ एवढंच म्हणाली. टिळक पैसे उधळतात तिथं मात्र खूप हसली. ‘आमचे पाळकसाहेब अस्सेच व्हते. पाळकीनबाई बिचारी.’

मग अनाथ पोरांचा भाग आला. लक्ष्मीबाईंनी कशी पोरं घरात घेतली, कसं सांभाळलं. मी वाचत होते, आजी ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, ‘आन त्या पोरी? त्या काय म्हनत्यात?’

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, ‘त्या काय म्हणणार आजी, त्या लहान आहेत.’

‘लहान आसल्या म्हनून काय झालं? खानाऱ्याला बी तोंड आसतंय.’

आजीची आजी दुष्काळातली पोर. १९०० च्या आसपास कुणीतरी तिला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. गाव कोणतं, आई-बाप कोण, आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आडनाव मिशनमध्ये मिळालं. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, त्यातले पुष्कळ त्या दुष्काळांच्या वर्षांत. गावात अजूनही कुणी चिडलं की ‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्द ऐकू येतो. शाळेत मीही ऐकलाय. ‘स्मृतिचित्रे’ मी आजवर वाढणाऱ्या बाईच्या बाजूनं वाचत होते. आजीनं एका प्रश्नात मला पंगतीत नेऊन बसवलं. म्हटलं तर आम्ही त्या पुस्तकातल्या मागच्या रांगेतली माणसं.

तिथून वाचलं की पुस्तकातली एक पोकळी दिसायला लागते. घरात आलेली पोरं आपल्याला दिसतात, त्यांचे अवतार दिसतात, त्यांच्या खोड्या दिसतात. त्यांच्या मनात काय चाललंय हे फारसं दिसत नाही. ठोंबऱ्यांना जेवढी जागा मिळते तेवढी त्यांना मिळत नाही, आणि ठोंबरे ब्राह्मण आहेत, कवी आहेत, हा योगायोग नसावा. लक्ष्मीबाई प्रामाणिक आहेत. आपल्या जुन्या किळशीबद्दल, आपल्या भीतीबद्दल त्या लपवाछपवी करत नाहीत, आणि ते सोपं नाही. पण ज्याला आपण वाढतोय त्याला वाढून घेताना काय वाटतं, हा प्रश्न त्यांच्यासमोर येत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यासमोरच तो फारसा आलेला नाही. सोवळं सोडलेल्या ब्राह्मणाची कथा आपल्याकडे आहे, आणि ती मोठी आहे, कारण त्यानं काय सोडलं ते सगळ्यांना मोजता येतं. माझ्या आजीच्या आजीनं काय सोडलं? तिच्याकडे सोडायला होतं काय? आणि तरी तिनं पुढं जे केलं, तेही विश्वासच होतं ना?

२०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली, काहींनी आक्षेप घेतले, आणि मग ख्रिस्ती लोकांनी मराठीला काय दिलं याच्या याद्या फिरायला लागल्या. १६१६ सालचं स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’, १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक, रमाबाई, लक्ष्मीबाई. मीही ती यादी फॉरवर्ड केली होती. याद्या वकिलासारख्या असतात, कामाला येतात. पण यादीत नाव घातलं की पुस्तक वाचायची गरज संपते. ‘स्मृतिचित्रे’ देणगी म्हणून मिरवायचं पुस्तक नाही. मराठीला त्यानं काय दिलं याआधी, त्यानं स्वतःच्या घरातल्या कोणत्या गोष्टी उघड्यावर आणल्या ते बघायला हवं.

आणि माझ्या तक्रारीनंतरही हे सांगायला हवं, की आजीचा प्रश्न विचारायची सोय या पुस्तकातच आहे. ते संतचरित्र असतं तर आजी हात जोडून गप्प बसली असती. लक्ष्मीबाई बाईसारख्या बोलतात, चुकतात, कबूल करतात, म्हणून आजीला मध्येच तोंड घालावंसं वाटलं. एका स्वयंपाकघरातल्या बाईनं दुसऱ्या स्वयंपाकघरातल्या बाईला विचारावं, तसं तिनं विचारलं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. ते महाकाव्य मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती आदरानं झोपी गेली.

त्या दिवशी मी आजीला उलट विचारलं, तुझी आजी काय म्हणायची? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हनायची काय न्हाई. उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपायची. म्हातारी झाली तरी.’ आणि पोरगी जेवायला नको म्हणाली की तिला राग यायचा. बोर्डिंगातल्या कुठल्या मॅडमनी तिला पहिल्यांदा जेवू घातलं त्यांचं नाव तिला आठवत नव्हतं. घातलेलं काय होतं ते आठवत होतं. ज्वारीची कण्या, आणि त्यात गूळ.

आमच्या दुरडीत रोज एक भाकरी जास्तीची असते. लहानपणी मी विचारलं की आजी म्हणायची, आसू दे, कुनी आलं तर. आता माझी आई ठेवते. कुणी येत नाही. सकाळी ती कुस्करून, फोडणी देऊन आम्हीच खातो.

पुस्तक त्या उन्हाळ्यात संपलं नाही. मी पुण्याला परत आले. परवा फोनवर आजीनं विचारलं, ती कराचीला गेली का गं, पोराबरोबर? म्हटलं, गेली. म्हणाली, आता आलीस की तिथून वाच.